कूलर तर चालू आहे, मग घाम का?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नवीन माणूस भेटला की आडनावाच्याही आधी एक प्रश्न येतो : घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे सरळ दोन मजले केलेत. वरच्या मजल्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. खालच्या मजल्यावर, पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद. वाटणीत वरच्यांना हवा मिळाली आणि खालच्यांना रेल्वे. मे महिन्यात हा सौदा आम्हा खालच्यांना जाम महागात पडतो! बुलढाण्यात लोक संध्याकाळी गच्चीवर गप्पा मारत बसतात, तेव्हा घाट उतरून खाली आलेल्या माणसाला एसटीच्या खिडकीतूनच भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं.

मी घाटाखालची. घर खामगावात, पोट पुण्यात. फ्रीलान्सर असल्यामुळे मला ऑफिस नाही, त्यामुळे फुकटचा एसीही नाही. पण तुमच्यातले कितीतरी जण हिंजवडीच्या नाहीतर खराडीच्या सेंट्रल एसीत अंगावर जॅकेट घालून बसलेले असतात, आणि त्याच क्षणी आई-बाबा तिकडे अकोल्यात, जळगावात, चंद्रपुरात ४३ अंशांत ‘आम्ही मजेत आहोत’ म्हणत असतात. आई-बाबांचं ‘मजेत’ हे काय प्रकरण असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

यंदा एप्रिलच्या शेवटी आमच्याकडचं ‘मजेत’ जरा लवकर फुटलं.

“आई, कूलर लावतेस ना गं?”

“लावते ना. पण गरम फेकून रायला तो.”

“मेकॅनिकला बोलावलंस?”

“तो म्हणे गवत बदला. बदललं. पैसे गेले, गारवा काही आला नाही. जाऊ दे वं, पंखा आहे ना.”

आई बासष्ट वर्षांची. बीपीची गोळी रोज. आणि ४२ अंशांत पंखा म्हणजे काय, तर गरम हवेचा झोत अंगावर घेणं. त्यामुळे ‘जाऊ दे’ हा पर्यायच नव्हता. मग काय! व्हिडिओ कॉल लावला आणि पुण्यात बसून खामगावच्या कूलरची ओपीडी सुरू केली. त्या ओपीडीत जे कळलं, ते तुमच्या घरच्या कूलरलाही लागू पडेल, म्हणून हा आठवडा कूलरचा!

आधी फंडा क्लिअर करू

कूलर हवा थंड करतो, असं आपण म्हणतो. खरं तर तो पाण्याची वाफ करतो, एवढंच त्याचं काम. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती कूलर गॅसवरून आणत नाही, वाऱ्यातूनच काढून घेतो. वाऱ्यातली उष्णता गेली की वारा गार. माठाचा फंडा तोच, घामाचा तोच, आणि पूर्वी खिडक्या-दारांना लावायच्या वाळ्याच्या ताट्यांचाही तोच. ताट्यांवर पाणी मारणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी छोटा पंप आला. बाकी यंत्र जुनंच आहे.

आता हिशेब बघा. तासाला एक लिटर पाण्याची वाफ झाली, तर साधारण ६७० वॉटचा गारवा मिळतो. दीड टनाचा एसी सुमारे ५३०० वॉट उष्णता ओढतो. म्हणजे तासाला आठ लिटर पाणी उडवणारा कूलर कागदावर दीड टनाच्या एसीच्या तोडीस तोड! आणि वीज? एसीला दीड हजार वॉटच्या आसपास, कूलरला दोनशेच्या आसपास. फरक एवढाच की एसीचा गारवा बंद खोलीत मुरतो, कूलरचा गारवा मात्र वाहता असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कूलर किती गार करू शकतो यालाही एक तळ असतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरला तर तो जे तापमान दाखवतो, त्याच्या खाली कूलर जाऊच शकत नाही. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा तळ २२ अंशांजवळ असतो. गवताच्या चांगल्या ओल्या ताट्या त्या तळाच्या दिशेनं साधारण ७० टक्के वाट चालतात. म्हणजे ४२ ची हवा २८ होऊन आत यायला हवी. आमच्याकडे येत नव्हती. का?

सगळीकडे, की एकाच बाजूला?

इथे मला मदत झाली ती थेट इंग्लंडची! माझी मामेबहीण लीड्सला असते. तिच्या घरी कूलर नाही, उलटी गंगा आहे. स्वयंपाकघरात एक बॉयलर, तो पाणी तापवतो, पंप ते गरम पाणी घरभर नळ्यांतून फिरवतो आणि प्रत्येक खोलीत भिंतीला लावलेल्या लोखंडी रेडिएटरमधून ते खोली ऊबदार करतं. जानेवारीत बाहेर बर्फ आणि बेडरूमचा रेडिएटर थंडगार. तेव्हा तिनं मला सांगितलेली रीत मी डोक्यात ठेवली होती, कारण ती रीत कुठल्याही बिघाडाला चालते.

रीत अशी. आधी विचारायचं, घरातले सगळेच रेडिएटर थंड आहेत की एकच? सगळेच थंड असतील तर दोष मुळाशी : बॉयलर, पंप, नाहीतर पाण्याचा दाब. यंत्रणा थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार हवा. बॉयलर उघडायची वेळ आली तर मात्र स्वतःची हुशारी बंद. तिकडे गॅसच्या कामाला ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नाव असलेलाच माणूस लागतो, २००९ पासून ती नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे. एकच रेडिएटर थंड असेल तर दोष त्याच्यापाशी : बहुतेक वेळा त्याच्या व्हॉल्व्हची बारीक पिन अडकलेली असते.

मग दुसरा प्रश्न, वर थंड की खाली? वर थंड आणि खाली गरम असेल तर आत हवा अडकलीये. हवा हलकी, ती वर जाऊन बसते आणि पाण्याला जागाच देत नाही. हीटिंग बंद करायचं, रेडिएटर निवू द्यायचा, खाली फडकं धरायचं आणि वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू किल्लीनं पाव वळसा सैल करायचा. फुस्स करून हवा जाते. पाणी दिसलं की बंद. नंतर दाब पुन्हा तपासायचा, कारण हवा काढली की तो उतरतो. उलट खाली थंड आणि वर गरम असेल तर तळाशी लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ बसलाय. तो धुऊन काढायला माणूस बोलवायचा.

बघा ना, बॉयलर काय किंवा कूलर काय, दोन्हीकडे पाणी फिरवायचंय. आणि दोन्हीकडे प्रश्न एकच : पाणी सगळीकडे पोचतंय का?

मी आईला म्हटलं, “पंखा बंद कर, नुसता पंप चालू ठेव. दहा मिनिटांनी बटणं बंद करून प्लग काढ आणि मग ताट्या बघ. तिन्ही ओल्या आहेत का?”

दहा मिनिटांनी उत्तर आलं. मागची ओली, उजवी ओली, डावी मात्र कोरडी ठणठणीत!

इथे पुन्हा थोडं गणित. तीनपैकी दोन ताट्यांतून २८ अंशांची हवा येतेय आणि तिसरीतून थेट ४२ ची. सरासरी काढा : ३२.७. म्हणजे एक ताटी कोरडी राहिली की जवळपास पाच अंशांचा फटका. वर कोरडं गवत ओल्या गवतापेक्षा वाऱ्याला कमी अडवतं. म्हणून वारा ‘चला, इकडे रस्ता मोकळा आहे’ म्हणत तिकडूनच जास्त शिरतो आणि फटका आणखी वाढतो. नवीन गवत घातलं तरी कूलर गरम फेकत होता, कारण दोष गवतात नव्हताच.

एकच बाजू कोरडी असण्याची कारणं तीनच. पहिलं, कूलर तिरका आहे. मग पाणी उताराकडच्या ताटीला जास्त आणि चढाकडच्या ताटीला नाही. पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला की काम झालं. दुसरं, त्या बाजूची प्लॅस्टिकची नळी कुठेतरी दुमडलीये. तिसरं, ताटीच्या डोक्यावरच्या पन्हळीतली किंवा नळीतली भोकं बुजलीत. आमच्याकडे तिसरं होतं. कूलरचा प्लग काढलेलाच होता, शेजारच्या पोरानं दाभण घेऊन एकेक भोक मोकळं केलं, आणि प्रत्येक भोकातून पांढरा चुरा गळला.

तिन्ही ताट्या कोरड्या असत्या तर दोष मुळाशी, म्हणजे पंपात. तो गुणगुणतोय पण पाणी चढवत नाही, तर आतलं चाक अडकलंय, नाहीतर त्याची जाळी गाळानं भरलीये. आवाजच नाही, तर वायर नाहीतर पंपच गेलाय. आणि टाकीतलं पाणी पंपाच्या खाली गेलं असेल तर बिचारा हवाच ओढतोय. कोरडा चालला की तो लवकर जळतो.

तिन्ही ताट्या ओल्या, पण वाराच कमी? मग पंखा बघायचा. पात्यांवर धुळीचा थर, व्होल्टेज कमी, किंवा मोटारीचा कंडेन्सर उतरलेला. कंडेन्सर अशक्त झाला की पंखा हळू फिरतो, कधी हातानं ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही. (हातानं ढकलून बघणाऱ्या तमाम काकांना साष्टांग नमस्कार! कृपया हा प्रयोग थांबवा.) स्वस्तातली वस्तू आहे, मेकॅनिक पाच मिनिटांत बदलून देतो.

टाकीतलं लोणार

आता तो पांढरा चुरा कुठून आला? त्यासाठी घाटावर जाऊ या, लोणारला. उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, मधोमध खारं आणि अल्कधर्मी पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं आणि सगळ्यांच्या मोबाइलवर झळकलं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते रामसर यादीतही गेलं. पण ते इतकं खारं का? विवरात पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. पाणी वाफ होऊन उडतं आणि क्षार मागेच राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय.

तुमच्या कूलरची टाकी म्हणजे हेच लोणार, फक्त फास्ट फॉरवर्ड! मोठा पत्र्याचा कूलर भर दुपारी तासाला दहा लिटर पाणी सहज पितो. आठ तासांचे ८० लिटर. समजा, पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये एक ग्रॅम क्षार विरघळलेत. मग रोज ८० ग्रॅम क्षार टाकीत, भोकांत आणि ताट्यांवर बसले. महिन्याचे जवळपास अडीच किलो! पिण्याच्या पाण्यात क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असते. दुसरं पाणी मिळतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आणि आमचं पूर्णेचं खोरं म्हणजे प्रसिद्ध खारपाणपट्टा, अमरावती-अकोल्यापासून शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदपर्यंत पसरलेला. तिथल्या बोअरचं पाणी टाकीत ओतलं की कूलर एका सीझनमध्ये म्हातारा होतो. गवत पापडासारखं कडक होतं, वारा आत शिरत नाही आणि पाणी त्यावरून नुसतं ओघळतं.

उपाय साधा आहे. लोणारला बाहेरची वाट नाही, कूलरला आहे! टाकीच्या तळाशी जे बूच असतं, ते शोभेचं नाही. आठवड्यातून एकदा ते उघडून सगळं पाणी सोडून द्यायचं. खारपाणपट्ट्यात दोनदा. वरून नुसती भर घालत राहणं म्हणजे क्षारांची फिक्स्ड डिपॉझिट. सोडलेलं पाणी खारट असतं, तेव्हा तुळशीला घालू नका, मोरीत किंवा अंगणाच्या फरशीवर ओता. पंपाची जाळी आणि नळ्या लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवल्या की बराचसा थर सुटतो. नंतर स्वच्छ धुवायच्या. आणि बोअर व नळ दोन्ही असतील तर कूलरला नळाचं पाणी द्या. आता जिथे नळच पाचव्या-सातव्या दिवशी येतो तिथे हे बोलणं सोपं, करणं कठीण, हे मला माहितीये. अशा घरी कूलर दिवसभर चालवण्यापेक्षा १२ ते ५ आणि मग झोपताना, असा वेळ बांधून घेतला तर ऐंशी-शंभर लिटरांवर भागतं.

आठवड्याचं हे रिकामं करणं आणखी एका कारणासाठी मस्ट आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. सात दिवसांनी टाकी कोरडी झाली की त्याचा कोर्स अपूर्ण! पण नुसतं ओतू नका, कडा ब्रशनं घासा. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. सीझन संपल्यावर कूलर झाकून ठेवतानाही हे घासणं विसरायचं नाही.

वारा आत येतोय, जातो कुठे?

ताट्या ओल्या, पंखा जोरात, टाकी स्वच्छ. तरी अंग चिकचिकतंय? मग खिडक्या बघा. एसीच्या सवयीनं आपण दारं-खिडक्या गच्च लावतो आणि कूलर चालू करतो. बंद खोलीत कूलर तीच ती हवा ओढतो, तिच्यात पुन्हा पुन्हा वाफ भरतो, आणि अर्ध्या तासात तुमच्या खोलीची मुंबई होते.

मघाशी म्हटलं ना, कूलरचा गारवा वाहता असतो! त्याला बाहेरची कोरडी हवा मागून मिळाली पाहिजे, आणि आतली दमट हवा समोरून बाहेर गेली पाहिजे. म्हणून कूलर खिडकीत, तोंड आत, पाठ बाहेर. आणि समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं. समोर खिडकी नसेल तर एक्झॉस्ट फॅन. ‘अगं, गारवा बाहेर जातो ना!’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. जाऊ द्या. तो गेला नाही तर नवा यायला जागा नाही. जमलं तर कूलरच्या पाठीवर सावली करा, हिरवी जाळी बांधा, पण ताट्यांना चिकटवून नको, वारा अडतो.

आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की कूलरला दोष देऊ नका. ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता झाली की तळच साडेअठ्ठावीसवर येतो. मग कूलर जीव तोडून चालला तरी चार-साडेचार अंशांचाच फरक देतो, आणि वर खोली दमट करतो ते वेगळंच. त्या दिवसांत पंप बंद, फक्त पंखा.

राहता राहिला बर्फाचा जुगाड. फ्रीजमधला बर्फ टाकीत टाकायचा आणि ‘एकदम एसी!’ म्हणायचं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. एक लिटर पाणी वाफ होताना २४००. म्हणजे सात किलो बर्फ जे करेल, ते एक लिटर पाणी फुकटात करतं. फ्रीजचा बर्फ सरबतात घाला. तिथे त्याचं सोनं होतं.

“झटका नाही वं, नुसत्या मुंग्या”

दाभणाचं काम झालं, डावी ताटी ओली झाली, गार वारा सुटला. आई खूश. कॉल ठेवता ठेवता मी सहज विचारलं, “कूलरच्या समोर तो लाकडी पाट कशाला ठेवलायस?”

“तो होय? पाणी भरताना त्याच्यावर उभी राह्यते. नाहीतर हाताले मुंग्या येतेत.”

“मुंग्या म्हणजे? शॉक?”

“झटका नाही वं, नुसत्या मुंग्या. दोन वर्षं झाले. सगळ्यांकडेच येतेत.”

मंडळी, इथे मी ओपीडी बंद करून आयसीयू उघडलं. ‘आधी भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग काढ, आणि वायरमन येईपर्यंत हात लावायचा नाही’ असं सांगितलं. गार वारा लागून पाच मिनिटंही झाली नव्हती आणि मीच तो बंद करायला लावला, म्हणून आई चिडली. चिडू दे.

कारण या मुंग्या म्हणजे पत्र्यात वीज उतरलीये. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. त्यात पाणी भरणाऱ्या बायका असतात, खेळताना हात लावणारी मुलं असतात. पेपरात चार ओळींची बातमी येते आणि पान उलटतं. ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय, घामेजलेला हात : विजेला याहून चांगला रस्ता मिळत नाही. आज मुंग्या आहेत, कारण पाटामुळे रस्ता अर्धवट आहे. एक दिवस पाट सरकलेला असेल.

वीज पत्र्यात येते कशी? पंप सतत पाण्यात, त्याच्या वायरचं आवरण भेगाळतं. टेप लावलेला जोड ओला होतो. पत्र्याच्या धारदार कडेवर वायर घासली जाते. हे कुठल्याही कूलरला होऊ शकतं. म्हणूनच तीन पिनांच्या प्लगमध्ये ती तिसरी जाडी पिन असते, अर्थिंगची. पत्र्यात उतरलेली वीज तुमच्यातून न जाता त्या वायरनं जमिनीत जावी, यासाठी. आपण काय करतो? सॉकेट दोन पिनांचं म्हणून ती पिन काढून टाकतो! किंवा पिन असते, सॉकेट असतं, पण भिंतीमागे अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नसते. जुन्या घरांत हे सर्रास.

‘आमच्याकडे एमसीबी आहे की!’ असं म्हणाल. एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर वीज गेल्याशिवाय हलत नाही. माणसाच्या जिवाला ०.०३ अँपिअरही धोक्याचे. माणसाला वाचवणारी वस्तू वेगळी, तिचं नाव आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. जेवढी वीज गेली तेवढी परत आली नाही, तर ती क्षणार्धात सप्लाय तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. खट्कन पडली तर ठीक.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. पंपाची वायर टाकीच्या कडेला सोलवटलेली निघाली आणि सॉकेटमध्ये अर्थिंग नव्हतं. नवा पंप, नवी वायर, अर्थिंग आणि आरसीसीबी, सगळं मिळून एका वीकेंडच्या आपल्या हॉटेलिंगएवढा खर्च. कूलरच्या बटणाशेजारी आता आईच्या शिक्षकी अक्षरात पाटी आहे : ‘प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नये.’ पेन लाल!

या रविवारी एवढं करा

नवतपा २५ मेच्या आसपास बसतो. त्याच्या आत घरी गेलात तर उत्तम, नाहीतर व्हिडिओ कॉल आहेच. आधी प्लग काढायला लावून मगच पुढची तपासणी, आणि हा क्रम कधी उलटा नाही. तीन पिना जागेवर आहेत का, वायरला चीर आहे का, आरसीसीबी आहे का. मग कूलर सरळ उभा आहे का, तिन्ही ताट्या सारख्या ओल्या होतात का. बूच उघडून टाकी धुतली का, समोरची खिडकी उघडी आहे का. मेकॅनिकचं काम मेकॅनिकला, विजेचं काम वायरमनला. तुमचं काम विचारण्याचं.

आणि विचारताना ‘कूलर चालू आहे ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो, मजेत’ असंच येतं. विचारा, “हात लावला की मुंग्या येतात का?” उत्तर ‘थोड्याशा’ असं आलं, तरी त्याच दिवशी वायरमनला फोन लावा. आई चिडेल. चिडू दे.